बेटावरील मूळ जंगलात संधिपाद प्राण्यांची पाहणी कशी करावी?

वडोदऱ्यात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला अंदमानच्या सदाहरित जंगलातील कीटक, कोळी आणि इतर संधिपाद प्राण्यांच्या पाहणीत सहभागी होण्याची संधी मिळाली आहे. कोणता सापळा सर्वांत जास्त प्रजाती देतो, किती सापळे पुरेसे होतात आणि निघण्यापूर्वी वडोदऱ्यात राहूनच काही सराव करता येईल का, असे तीन प्रश्न तिने विचारले आहेत. हे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पहिला प्रश्न प्रथमच जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु बेटावर त्याच्याच मागे लागल्यास पाहणीचा मूळ हेतू बाजूला पडतो, असे माझे ठाम मत आहे. बेटावरच्या जंगलात एकूण किती प्रजाती सापडल्या यापेक्षा त्यांतील कोणत्या त्या बेटाच्या स्वतःच्या आहेत, कोणत्या माणसाच्या मागोमाग आल्या आहेत, आणि दहा वर्षांनी दुसरे कोणी त्याच जागी त्याच रीतीने गेले तर त्याला आपली निरीक्षणे आपल्या नोंदींशी ताडून पाहता येतील का, या गोष्टींना अधिक किंमत आहे. सापळ्यांची निवड, त्यांची संख्या, बाटलीतली चिठ्ठी, हे सारे यावरूनच ठरते.

याला आधार म्हणून एक जुना प्रयोग सांगते. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली बेटांच्या जीवभूगोलाचा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. बाहेरून येऊन स्थिरावणाऱ्या आणि बेटावरून नाहीशा होणाऱ्या प्रजातींचा जिथे तोल साधतो तिथे त्या बेटाची प्रजातिसंख्या स्थिरावते, असे त्याचे सार आहे. तो पडताळण्यासाठी डॅनियल सिम्बरलॉफ आणि विल्सन यांनी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळची खारफुटीची सहा चिमुकली बेटे तंबूने झाकली, मिथाइल ब्रोमाइडची धुरी देऊन त्यांवरचे संधिपाद प्राणी नाहीसे केले आणि मग तिथे कोण कधी परत येते याची नोंद ठेवली. मुख्य भूमीपासून सर्वांत दूरचे बेट सोडले तर वर्षभराच्या आतबाहेर प्रजातींची संख्या जवळजवळ पूर्वीइतकी झाली. परंतु आलेल्या प्रजाती पुष्कळ अंशी निराळ्या होत्या. केवळ संख्या लिहून ठेवली असती तर त्या बेटांवर काही घडलेच नाही असे वाटले असते. मूळ जंगल हळूहळू परक्या प्रजातींनी व्यापले जाते तेव्हा असेच होते: बेरीज तशीच राहते, कधी वाढतेसुद्धा, आणि बेटाचे स्वतःचे प्राणी मात्र त्या बेरजेतून एकेक करून गळत जातात.

म्हणून यादीतील प्रत्येक नावापुढे एक रकाना सक्तीने ठेवावा: प्रदेशनिष्ठ (म्हणजे जगात फक्त त्याच बेटावर वा द्वीपसमूहात आढळणारा), मूळचा पण इतरत्रही आढळणारा, आगंतुक किंवा अनिश्चित. 'अनिश्चित' लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाजाने 'प्रदेशनिष्ठ' लिहिण्यात मात्र मोठा धोका आहे, कारण ती नोंद पुढे तशीच उद्धृत होत राहते. हा रकाना भरताना एका बेटाचा ठोकताळा दुसऱ्या बेटाला लावता येत नाही. हवाई बेटे समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर आलेली आणि कोणत्याही खंडापासून अतिशय दूर असल्यामुळे तिथे मूळची एकही मुंगी नाही. तिथल्या जंगलात मुंगी दिसली की ती माणसाबरोबर आलेली, असे निःशंकपणे म्हणता येते. अंदमानात असे म्हणून चालणार नाही. तिथल्या प्राणिसृष्टीचे नाते म्यानमार आणि सुमात्रा यांच्याशी आहे, मूळच्या मुंग्या भरपूर आहेत, आणि त्यांच्यातच जहाजांतून, लाकडातून, रोपांच्या कुंड्यांतून आलेल्या मुंग्याही मिसळल्या आहेत. ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस ही लांब पायांची पिवळी मुंगी हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर १९८९ साली महावसाहती (अनेक राण्यांच्या, एकमेकींशी न भांडणाऱ्या जोडवसाहती) करून असलेली आढळली आणि पुढे तिने तिथले लाल खेकडे प्रचंड संख्येने मारले. खेकडे गेल्यावर जमिनीवरचा पालापाचोळा आणि रोपवाढच बदलून गेली. अशी एखादी प्रजाती तुमच्या नमुन्यात किती जागी आणि किती संख्येने आहे ही नोंद एखाद्या नव्या प्रजातीच्या शोधाइतकीच महत्त्वाची मानावी.

आता पद्धतीकडे वळू. बेटांवरील मूळ जंगलांसाठी जी कार्यपद्धती मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते ती पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरची आहे. अटलांटिक महासागरातील ही नऊ बेटे पंधराव्या शतकात वस्ती होईपर्यंत बहुतांशी जंगलाने झाकलेली होती. आज सदाहरित मूळ जंगलाचे लहान लहान तुकडे मुख्यतः डोंगरमाथ्यांवर उरले आहेत, आणि तिथल्या संधिपाद प्राण्यांच्या एकूण यादीत निम्म्याहून अधिक प्रजाती आगंतुक आहेत. पाउलो बोर्जेस यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे एकच साचा पाळला. प्रत्येक ठिकाणी १५० मीटर लांबीची एक रेषा आखायची. त्या रेषेवर पाच-पाच मीटर अंतराने जमिनीत ३० पेले पुरायचे आणि ते दोन आठवडे ठेवायचे. त्याच रेषेलगत सर्वांत अधिक आढळणाऱ्या तीन वृक्ष-झुडुपांच्या जाती निवडून प्रत्येकीच्या दहा झाडांच्या फांद्या खाली कापड धरून झोडपायच्या आणि कापडावर पडलेले प्राणी गोळा करायचे. बेट बदलले, उंची बदलली, माणसे बदलली, तरी साचा बदलला नाही. पुढे २०१२ पासून त्यांनी उडणाऱ्या कीटकांसाठी जाळीचे तंबूसारखे सापळे कायमचे लावून दर तीन महिन्यांनी ते रिकामे करण्याची पद्धत सुरू केली, आणि त्यामुळे ऋतूंचा व वर्षांचा फरक हाती येऊ लागला. ३० पेले या आकड्यात पवित्र असे काही नाही. पण ते सगळीकडे ३० होते, यातच त्या कामाचे मोल आहे.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघते. प्रत्येक सापळा प्राण्याच्या एकेका सवयीला धरतो. जमिनीतला पेला चालणाऱ्यांना पकडतो, आणि तेही जे अधिक चालतात त्यांना. जाळे विणून एका जागी बसणारा कोळी त्याच्याशेजारी महिनोन्‌महिने राहिला तरी त्यात पडत नाही. झोडपणीत पानांवर व फांद्यांवर राहणारे मिळतात, तंबूसारख्या सापळ्यात उडणारे व वर चढणारे, आणि पाचोळा चाळल्यावर ते बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणी मिळतात ज्यांच्यात बेटाचे खरे जुने रहिवासी बहुधा दडलेले असतात. प्रकाशसापळ्याविषयी मी जपून बोलेन. रात्री पांढऱ्या पडद्यावर पतंग ढिगाने येतात, मन हरखते, पण लहान बेटावर तो दिवा जंगलाबाहेरच्या शेतातले, गावातले, किनाऱ्यावरचे कीटकही ओढून घेतो आणि मग ते 'जंगलातले' म्हणून यादीत शिरतात. पतंगांचाच अभ्यास असेल तर तो अवश्य वापरावा आणि त्याची यादी वेगळी ठेवावी. उंच झाडांच्या शेंड्यांत कीटकनाशकाचे धुके सोडण्याची पद्धत टेरी अर्विन यांच्या १९८२ सालच्या लेखामुळे गाजली. पनामातल्या एकाच जातीच्या झाडांवरील भुंगेऱ्यांवरून त्यांनी उष्ण कटिबंधातील संधिपादांच्या तीन कोटी प्रजातींचा अंदाज मांडला होता आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. विद्यार्थ्याच्या पाहणीत, आणि तेही संरक्षित बेटावर, मी ही पद्धत सुचवणार नाही.

पेला पुरणे हे सर्वांत सोपे काम समजले जाते आणि म्हणूनच ते सर्वांत निष्काळजीपणे होते. पेल्याची कड जमिनीच्या बरोबरीत, किंबहुना केसभर खाली असली पाहिजे. कड अर्धा सेंटीमीटर जरी वर राहिली तरी दोन मिलिमीटरचा भुंगेरा तिच्याशी येतो, स्पृशा फिरवतो, वळतो आणि कडेकडेने निघून जातो. त्याच्यासाठी ती भिंत आहे. म्हणून खड्डा पेल्यापेक्षा थोडा मोठा खणावा, पेला बसवल्यावर भोवतालची पोकळी तिथल्याच मातीने बोटाने दाबून भरावी, आणि शेवटी गाल जमिनीला टेकवून कड दिसते का ते पाहावे. एकात एक असे दोन पेले बसवले तर नमुना काढताना बाहेरचा पेला खड्ड्यातच राहतो आणि माती ढासळत नाही. वर पावसापासून आडोसा म्हणून तारेच्या पायांवर एक प्लास्टिकची ताटली बसवावी. ती जमिनीपासून फार उंच असू नये. अंदमानात यावर एक जास्तीची खबरदारी लागते. तिथे जमिनीवरचे खेकडे आणि शंखातले खेकडे रात्री पेले उपसून काढतात, आणि बेडूक, सरडकुळ्या, पाली पेल्यात पडून मरतात. त्यांतले कित्येक स्वतःच प्रदेशनिष्ठ आहेत. तेव्हा तोंडावर साधारण एक सेंटीमीटर भोकांची जाळी बसवून ती खुंट्यांनी पक्की करावी. मोठे विंचू व गोमी यामुळे कमी मिळतील, हे अहवालात स्पष्ट लिहावे. तेवढी किंमत देणे मला योग्य वाटते. पेल्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरावे. ते लवकर उडून जात नाही आणि इतर प्राण्यांना एथिलीन ग्लायकॉलइतके घातक नाही. चार थेंब भांडी धुण्याचा द्रव टाकल्यास पृष्ठताण मोडतो आणि हलके प्राणी वर तरंगत राहत नाहीत.

झोडपणीत माणसागणिक फरक पडतो. एकाचा हात जड, दुसऱ्याचा हलका. एक जण पाच वेळा झोडपतो, दुसरा दहा वेळा. म्हणून फांदीची जाडी, झोडपण्याची संख्या, खाली धरायच्या कापडाचे माप आणि दिवसाची वेळ हे आधीच ठरवावे, शक्यतो प्रत्येक जागी एकाच व्यक्तीने झोडपावे, आणि पाने ओली असताना हे काम करूच नये, कारण कोळी व लहान भुंगेरे ओल्या कापडाला चिकटून चिरडले जातात. अझोर्समध्ये झाडांच्या जाती मोजक्या असल्यामुळे तीन जाती निवडणे सोपे होते. अंदमानच्या सदाहरित जंगलात गर्जनसारख्या वृक्षांचे शेंडे हाताबाहेर असतात आणि हाताशी येणाऱ्या झुडुपांच्या जाती पुष्कळ असतात. तिथे जातींऐवजी उंचीचा पट्टा ठरवणे, उदाहरणार्थ जमिनीपासून एक ते दोन मीटर, अधिक व्यवहार्य ठरते. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटिश काळात अंदमानात सोडलेले चितळ आज तिथल्या अनेक बेटांवर पसरले आहेत आणि खालच्या थराची रोपे खाऊन टाकतात. जिथे खालचा थरच विरळ आहे तिथे झोडपणीत कमी प्राणी मिळतील, आणि ते जंगलाचे मूळ लक्षण समजून चालणार नाही. प्रत्येक जागी खालच्या थराची दाटी आणि चितळांच्या लेंड्या वा खुरांच्या खुणा यांची नोंद करणे म्हणूनच आवश्यक आहे.

पाचोळ्यासाठी एक चौरस मीटरची चौकट टाकून आतला सगळा पाचोळा, वरच्या सैल मातीसह, चाळणीच्या पिशवीत झटपट भरावा. हळूहळू भरल्यास चपळ प्राणी निसटतात. चाळलेला भुगा विंक्लर पिशवीत दोन दिवस टांगून ठेवला की तो जसजसा सुकतो तसतसे प्राणी खाली उतरून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. दमट हवेत दोन दिवस पुरत नाहीत, तीन लागतात. पण मग सर्व नमुन्यांना तीनच दिवस द्यावेत. मुंग्यांच्या अभ्यासकांनी अशा २० चौकटी व २० पेले यांचा एक जगभर वापरला जाणारा साचा केला आहे, आणि तुमच्या गटात मुंग्यांवर काम करणारे कोणी असेल तर तोच पाळणे शहाणपणाचे ठरेल, कारण तुलनेसाठी इतर देशांतील माहिती आयती उपलब्ध आहे.

या भुग्यातून काय निघते ते एकदा सूक्ष्मदर्शकाखाली निवांत पाहा. काचेच्या बशीत अल्कोहोलमध्ये मातीचे कण आणि पानांच्या शिरांचे तुकडे तरंगत असतात, त्यांतून उडी मारण्याचा काटा पोटाखाली दुमडलेले स्प्रिंगटेल, चिमटे पसरलेले पण शेपटी नसलेले आभासी विंचू, गोल ढालीसारखे माइट दिसू लागतात. आणि मग मातीचाच कण वाटणारी एक तपकिरी गोळी सुईने उलटवली की तिला सोंड असते. तो पाचोळ्यात राहणारा सोंड्या भुंगेरा असतो. त्याची वरची दोन कडक पंखाच्छादने मध्यरेषेवर एकमेकांना सांधून गेलेली असली तर त्याखाली उडण्याचे पंख नाहीत किंवा नुसते खुंट आहेत असे समजावे. असा प्राणी एका ओढ्यापासून पुढच्या ओढ्यापर्यंत जायलाही पिढ्या घेतो. एका बेटावरचा सोंड्या शेजारच्या बेटावरच्या सोंड्यापेक्षा निराळा निघण्याची शक्यता त्यामुळेच मोठी असते, आणि जंगलाचा एक तुकडा तुटला की त्याला पळून जायला जागा नसते. माझा जीव या प्राण्यांत गुंतलेला आहे, हे मी लपवणार नाही.

किती सापळे पुरेत, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देता येत नाही, पण काम चालू असताना काढता येते. नमुना वाढेल तशी एकूण प्रजातींची संख्या कशी वाढते याचा आलेख काढावा. तो सपाट होऊ लागला तर आपण बरेचसे पाहिले आहे. न दिसलेल्या प्रजातींचा अंदाज घेण्यासाठी ॲन चाओ यांचे १९८४ सालचे सूत्र वापरतात. समजा, तुम्हाला १२० प्रजाती मिळाल्या, त्यांतल्या ४० प्रजातींचा एकेकच प्राणी मिळाला आणि १६ प्रजातींचे दोन-दोन. ४० चा वर्ग १६००, त्याला १६ च्या दुपटीने म्हणजे ३२ ने भागले की ५० येतात. म्हणजे आणखी निदान ५० प्रजाती तिथे असाव्यात आणि एकूण अंदाज किमान १७० चा होतो. हे सूत्र खालची मर्यादा सांगते, हे विसरू नये. बेटावर त्यात आणखी एक अडचण येते. एकेकच सापडलेल्या प्रजातींत काही खरोखर दुर्मीळ असतात, पण काही शेजारच्या सुपारीच्या बागेतून किंवा गवताळ माळावरून वाऱ्याने आलेल्या वाटसरू असतात, आणि सूत्राला त्यांतला फरक कळत नाही. म्हणून जंगलाबरोबरच लगतच्या बागेत व उघड्या जागीही थोडे सापळे लावावेत. जंगलात एकदाच आणि बागेत पन्नासदा मिळणारा भुंगेरा मग आपोआप ओळखू येतो. कमी जागी पुष्कळ पेले लावण्यापेक्षा अधिक जागी बेताचे पेले लावणे मी केव्हाही पसंत करेन, आणि एका जागेचे पेले एकमेकांपासून स्वतंत्र मानून आकडेमोड करू नये असे आग्रहाने सांगेन.

काही मिळाले नाही हीसुद्धा नोंद असते, परंतु किती शोधले ते लिहिलेले असेल तरच. सेंट हेलेना बेटावर आठ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा जगातील सर्वांत मोठा इअरविग, म्हणजे शेपटीशी चिमटा असलेला कीटक, होता. त्याचा जिवंत प्रौढ शेवटचा १९६७ साली दिसला, आणि त्यानंतरच्या शोधांत तो न सापडल्यावर २०१४ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. उलट, लॉर्ड हाउ बेटावरचा मोठा काडीकिडा १९१८ साली एका जहाजातून उंदीर उतरल्यानंतर संपला असे मानले जात होते, आणि तो २००१ साली जवळच्याच बॉल्स पिरॅमिड या उभ्या खडकावर एका झुडपाखाली मोजक्या संख्येने जिवंत आढळला. कोणत्या रात्री, किती तास, किती जणांनी, कोणत्या झाडांवर शोधले, हे लिहिलेले नसेल तर अशा दोन प्रकरणांतला फरक पुढच्या माणसाला कधीच करता येणार नाही.

ऋतूची निवड अंदमानात जपून करावी लागते, कारण तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यापासून आणि नंतर ईशान्येकडचा वर्षाच्या अखेरीपर्यंत असतो. जानेवारी ते एप्रिल हा फिरण्यास सोयीचा काळ आहे, पण त्यात जसजसा कोरडेपणा वाढतो तसतसे पाचोळ्यातले प्राणी खाली मातीत उतरतात. जानेवारीत, जमीन अजून ओलसर असताना, मुख्य फेरी घ्यावी आणि शक्य असेल तर पावसाच्या सुरुवातीला तीच रेषा पुन्हा करावी.

नमुन्यांची वर्गवारी हे या कामातले सर्वांत लांबणारे पर्व आहे. जंगलातल्या एका आठवड्यामागे प्रयोगशाळेतले काही महिने धरून चाला. प्रथम गणांनुसार, म्हणजे भुंगेरे, माश्या, कोळी अशा मोठ्या गटांनुसार, वेगळे करावे, मग दिसण्यावरून रूपप्रजाती पाडाव्यात आणि प्रत्येकीला क्रमांक, छायाचित्र व एक जपून ठेवलेला नमुना द्यावा. नर-मादी भिन्न दिसणाऱ्या आणि अळी-प्रौढ भिन्न असणाऱ्या प्राण्यांत एकाच प्रजातीच्या दोन-तीन रूपप्रजाती होण्याची भीती असते. कोळ्यांत तर नमुन्यातला मोठा भाग पिल्लांचा असतो आणि ज्यांवरून प्रजाती ओळखतात ती जननेंद्रिये पिल्लांत नसतात. अझोर्सच्या जंगलात कोळ्यांच्या प्रजाती थोड्या असल्याने पिल्लेही ओळखता येतात. अंदमानात फक्त प्रौढ मोजावेत आणि पिल्लांची संख्या कुळापर्यंत नोंदवून थांबावे. डीएनए बारकोडचा, म्हणजे सीओआय जनुकाच्या सुमारे ६५८ अक्षरांच्या तुकड्याचा, नर-मादी आणि अळी-प्रौढ जुळवण्यासाठी फार उपयोग होतो. पण त्यासाठी नमुने पहिल्यापासून ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये आणि थंड जागी हवेत, आणि ज्याची नावासह नोंद कोणत्याही संग्रहात नाही त्याचे नाव बारकोडही सांगू शकत नाही.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, बाहेर चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोल सांडल्यावर पुसते. जाड कागदावर पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने बेट, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, सापळ्याचा प्रकार व क्रमांक, लावल्याची व काढल्याची तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. बॉलपेनची शाई काही दिवसांत धुऊन जाते. अल्कोहोलविषयी वडोदऱ्यातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको: गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे इथिल अल्कोहोल संस्थेच्या परवान्यावरच मिळते, ते विभागामार्फत वेळेत मागवावे आणि अंदमानात लागणारे तिथल्याच संस्थेकडून मिळेल अशी सोय आधी करून ठेवावी. विमानातून अल्कोहोलमधले नमुने आणताना प्रत्येक कुपीत अगदी थोडाच द्रव ठेवून हवाबंद पिशव्यांत बांधावे लागते, आणि विमान कंपनीची लेखी संमती आधी घेतलेली बरी.

परवानगीशिवाय एकही पेला पुरू नये. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची संमती लागते. आदिवासी राखीव प्रदेश १९५६ च्या विनियमाने संरक्षित आहे आणि तिथे पाऊल टाकण्याचा विचारही मनात आणू नये. नमुने देशाबाहेर पाठवायचे असल्यास २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार मान्यता लागते. ओळखीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला आहे. नव्या प्रजातीचे वर्णन करायची वेळ आली तर मूळ नमुने त्याच संस्थेच्या संग्रहात जमा करावेत. आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना बुटांच्या खोबणीतली माती ब्रशने काढावी, चाळण्या व पिशव्या धुऊन उन्हात वाळवाव्यात, पाठीवरची पिशवी झटकून पाहावी. पाहणी करणाऱ्यानेच मुंग्यांची राणी किंवा गवताचे बी सोबत नेले तर त्या जंगलाचे त्याने केलेले नुकसान कोणत्याही यादीने भरून निघणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि हा सराव तुम्ही अवश्य करावा. युनिव्हर्सिटीच्या वनस्पती उद्यानात विभागाच्या संमतीने एक छोटी रेषा आखा, दहा पेले पुरा, आठवड्याने काढा. मंगळ बाजारातून मीटरभर मांजरपाट आणून चौकटीवर ताणा आणि त्यावर कडुनिंब, वड आणि रायणीच्या फांद्या झोडपून पाहा. तीन झाडांवरचे कोळी किती निराळे असतात ते पहिल्याच दिवशी दिसेल. वन विभागाची परवानगी मिळाल्यास जांबुघोड्याच्या सागाच्या जंगलात जा. तिथला पाचोळा मोठ्या, कोरड्या पानांचा असतो आणि उन्हाळ्यात त्यात फारसे काही हालत नाही, त्यामुळे पावसाळा सुरू झाल्यावर गेलेले बरे. वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठच्या कोतरांत (घळींत) मात्र सापळे लावायला वाकू नका. तिथे मगरी आहेत आणि त्या उन्हाला बाहेर येऊन बसतात.

सरावाचे नमुने फेकून देऊ नका. ते सगळे गणांपर्यंत स्वतः वेगळे करा आणि एका पेल्याला किती तास लागतात ते घड्याळ लावून मोजा. त्या आकड्याला अंदमानातल्या नियोजित पेल्यांनी गुणले की तुमच्या गटाला किती माणसे आणि किती महिने लागतील याचा खरा अंदाज निघेल, आणि रेषेवर पेले ३० ठेवायचे की २० हे मार्गदर्शकांशी बोलून, निघण्यापूर्वीच, ठरवता येईल.